एकबुडे, दोनबुडे

क्लेपोता, खाडीकाठ
५ नोव्हेंबर १९९८

प्रिय धाकट्या लेर वा,

प्रभूत तुला ताईचा सलाम. पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधी सांगून टाकते. बाबा आहेत. धडधाकट नाहीत, पण आहेत. कुणी गेलेलं नाही. आता श्वास सोड आणि पुढे वाच.

चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक ताईला कसा उमाळा आला, असं तुझ्या मनात येईल. काही झालेलं नाही. सहज लिहिते आहे. बहिणीने भावाला लिहायला काही व्हावंच लागतं का?

भात यंदा बरं आहे. खालच्या वावरात खारं पाणी शिरलं होतं, पण वेळेवर बांध घातला. बदकं बक्कळ झाली आहेत, नुसता कलकलाट. तुझी भाची एपॉ सोळा वर्षांची झाली, माझ्या डोक्यावरून बघते आणि उलट उत्तरं देते. तुझ्यावर गेली आहे. बाबांचे गुडघे पार गेले. देवळाच्या पायऱ्या चढताना कुणी हात धरला की झिडकारतात आणि मग वरच्या पायरीवर पोचून पाच मिनिटं प्रार्थना करत असल्यासारखे उभे राहतात. धाप लागलेली असते, दुसरं काय! सगळा गाव ‘थरा, थरा’ म्हणत अजून सल्ला विचारायला येतो, म्हणून बरं चाललंय. गुरुजी म्हणवून घ्यायची त्यांना आयुष्यभराची सवय.

पूल तसाच आहे. आमच्या बाजूच्या फळ्या आमच्या लोकांनी उचलल्या, पलीकडच्या पलीकडच्यांनी, मधे नुसते खांब. त्यांवर बगळे बसतात. पोरांनी आता आपल्या दोन मंडळ्यांना नावं पाडली आहेत. बाबांनी लहानपणी खाडीत एकदा बुडवलं तेवढ्यावर भागवणारे आम्ही एकबुडे. आणि तुझ्या सभेनंतर ‘मन बदलायच्या आधी घेतलेला बाप्तिस्मा कोरडाच’ म्हणत पुन्हा पाण्यात उतरलेले ते दोनबुडे. पोरं खेळतानासुद्धा अशाच बाजू पाडतात. मी एकाच्या कानफटात दिली, तर तो म्हणाला, “मावशी, मी अजून एकदाही बुडलेलो नाही, मला का मारता?”

गाण्याचं तर विचारूच नकोस. तुझ्यामागे गेले ते सगळे जाड आवाजाचे बाप्ये गेले. वरचे दोन सूर आमच्याकडे राहिले, खालचे दोन पलीकडे. चार सुरांचं गाणं आम्ही दोन सुरांत गातो, म्हणजे कालवणाशिवाय नुसता भात. तरी बाबा हात हलवून खालच्या सुरांना खूण करतात आणि तिथे कुणी नसतं.

तुझे दाजी बरे आहेत.

बाबा आजही पाहुणा आला की त्यांच्याकडे बोट दाखवतात. “हा माझा जावई कॉडो. वीस वर्षं दारूत होता. बारा वर्षांचा असताना मी याला बुडवलं, तेच पाणी शेवटी कामाला आलं. दुसऱ्यांदा बुडायची गरज पडली का?” आणि लाँचवाला सांगत होता की तिकडे पथेनला तूसुद्धा प्रवचनात त्यांचीच गोष्ट सांगतोस. सभेत कसे रडले, बाटली कशी फेकली, माणूस कसा मुळापासून बदलला. तुम्ही दोघे बापलेक एकमेकांचं तोंड बघत नाही, पण साक्षीदार दोघांचा एकच. असू दे.

बरं, एक विचारायचं होतं. शेजारणीसाठी विचारते. तिचा नवरा, तू ओळखत नाहीस त्याला, काही वर्षांपूर्वी दारूतून सुटलेला आहे आणि तिला आता जरा शंका येते आहे. तर दाजींच्या वेळी तू नक्की काय केलं होतंस? प्रार्थना केलीस ते मला माहीत आहे. बाकी काय केलंस? रात्रंदिवस त्यांच्याजवळ होतास, मला काही आत येऊ दिलं नाहीस. तेवढं सविस्तर लिही. शेजारणीला बिचारीला झोप नाही.

माझ्या तामलाचं मलेशियाहून पावसाळ्यापासून पत्र नाही. पोरगं कामात असेल.

तुझी,
ताई


२४ नोव्हेंबर

लेर वा,

तुझं पत्र मिळालं. पाच पानं, आणि पाचही पानं वचनं! अरे, वचनं माझ्या घरात आहेत. बाबांच्या पोटी जन्मलेय, अंगाईच्या जागी वचनं ऐकलीत. मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय? पथेनला पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं!

आणि शेवटी लिहितोस, ‘ताई, ती शेजारीण तूच ना?’ हो, मीच. मग काय? लगेच ओळखायला तू कधीपासून हुशार झालास?

आता ऐक. महिना झाला, तुझे दाजी दिवेलागणीला घरातून निघतात. आधी म्हणाले बदकांसाठी शेवाळ आणतो. मग म्हणाले होडी गळते, बघून येतो. आता काहीच म्हणत नाहीत, सदरा घालतात आणि खाडीकडे चालू लागतात. जेवणाच्या वेळेला येतात, तोंडात भलामोठा विडा. घरात विडा कधी एवढा खात नव्हते. विडा कशासाठी खातात हे मला शिकवायला नको, वीस वर्षं तो वास मी ओळखत आले आहे. पलीकडच्या काठाला, धक्क्यापासून जरा पुढे, दारूची झोपडी आहे. तुलाही ठाऊक आहे.

मी विचारलं नाही. का विचारलं नाही म्हणून मला बोल लावू नकोस. विचारलं आणि ते ‘नाही’ म्हणाले तर मला खोटं वाटणार, आणि ‘हो’ म्हणाले तर मी काय करणार? त्या वर्षांत मी लांब बाह्यांचे सदरे का घालायची ते तुला माहीत आहे. एपॉला मी तेव्हा रात्री बाबांकडे झोपायला पाठवायची, तिने काही पाहिलेलं नाही. कधी कळू नये एवढंच मागते. परवा भांडं पडलं तर माझे हात आपोआप डोक्यावर गेले. ती बघत राहिली. म्हणाली, “आई, काय झालं गं?” मी म्हटलं, मुंग्या आल्या.

दुसरी गोष्ट. नव्या भाताचं जेवण पुढच्या पंधरवड्यात आहे आणि यंदा टोपली धरायची पाळी तुझ्या दाजींची. तू लहानपणी टोपली धरणाऱ्याच्या मागे मागे फिरायचास, पहिला घास मिळावा म्हणून. तर सगळ्या घरांचा नवा तांदूळ एका मोठ्या पातेल्यात शिजणार, टोपलीत भरणार, आणि ती हातात घेऊन हे सगळ्यांसमोर उभे राहणार. बाबा विचारणार, “तुझ्यात आणि कुणात काही अडलंय का?” आणि यांनी म्हणायचं, “काही अडलेलं नाही, बसा जेवायला.” तोवर गावाने घास तोंडात घालायचा नाही.

काय म्हणतील हे? खोटं बोलले तर देवासमोर खोटं. खरं बोलले तर बाबा तिथेच बसतील. अरे, बाबांचं सगळं म्हातारपण त्या एका माणसावर उभं आहे. ‘माझा एकदा बुडवलेला टिकला.’ हा टिकला नाही तर पलीकडचे काय म्हणतील? बघा, म्हणतील, कोरडंच होतं ते पाणी. आणि तुझी सभा? तीही गेलीच की! तुम्हा दोघांच्या झेंड्याला काठी एकच, तीच किडली तर?

आणि पलीकडच्या मंडळीचा तो थॉथी! तू मंडळी त्याच्या हातात देऊन गेलास, त्याला गोड बातमी मिळणार. पुलाची पहिली फळी त्यानेच उचलली होती. मी विसरलेली नाही. बाजारात समोर आला तर मी भाजीकडे बघते.

रागावले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. नाही, घे. एक तर मी सांगतेच. त्या वेळी तू आठवडाभर त्यांच्याशेजारी चटईवर झोपलास. त्यांना ओकारी झाली ती तू पुसलीस. रात्री हात थरथरायचे तेव्हा तू धरलेस. तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही, त्याबद्दल तुझ्या पाया पडायला तयार आहे. पण नंतर काय? ते बरे झाले, तू त्यांना सभेत उभं केलंस, लोक रडले, आणि त्यानंतर एकदा तरी त्यांच्याजवळ नुसता बसलास का? मग दुसऱ्यांदा बुडण्याचं काढलंस. त्यांचा एक हात तू ओढलास, एक बाबांनी. ते माझ्याकडे बघून या काठाला राहिले, एवढंच.

मला घाबरायला होतं. कुणाला सांगणार? बाबांना सांगता येत नाही, मंडळीत सांगता येत नाही, एपॉला सांगता येत नाही. म्हणून चार वर्षं न बोललेल्या भावाला सांगते आहे, म्हणजे बघ.

वचनं पाठवू नकोस.

ताई


१५ डिसेंबर

माझ्या लेर वा,

तुझं उत्तर या वेळी एकाच ओळीचं आलं. ‘ताई, मला माहीत नाही काय करावं.’ खरं सांगू? तुझ्या पाच पानांपेक्षा मला याच्याने बरं वाटलं. तू लहानपणी होडीत पाणी शिरलं की असाच बोलायचास.

आता जे झालं ते सगळं क्रमाने लिहिते. मधेच मी रडले तर अक्षर फिसकटेल, समजून घे.

नव्या भाताच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे गेले. त्यांची होडी पलीकडे लागलेली दिसली. मी बदकवाल्या म्हातारीची होडी मागून घेतली, म्हटलं पलीकडे पान आणायला जाते. वल्हं असं वेडंवाकडं पडत होतं की होडी गोल गोल फिरत होती. झोपडीपाशी गेले. तिथे चार माणसं बसलेली, हे नव्हते. आता मात्र जिवात जीव येण्याऐवजी उलटंच झालं. इथे नाहीत तर आहेत कुठे? कुठे चोरून पितात?

तेवढ्यात गुणगुणणं ऐकू आलं. खालच्या सुरातलं. बाबांनी आपल्याला शिकवलेलं कापणीचं गाणं, पण त्याचा नुसता तळ. वरचं काहीच नाही. मी आवाजाच्या रोखाने गेले तर थॉथीची जाळ्यांची शेड. दिवा लावलेला. थॉथी आणि तुझे दाजी समोरासमोर मांडी घालून बसलेले, मधे फाटकं जाळं, दोघे दोन टोकांनी गाठी मारत होते आणि गुणगुणत होते.

थॉथीने वर बघितलं. म्हणाला, “या वहिनी. आलात एकदाच्या! मी याला रोज म्हणतो, तुझी बायको एवढी तिखट आणि अजून पत्ता लागला नाही?”

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “तोंड उघडा.”

“अगं...”

“तोंड उघडा म्हणते ना!”

उघडलं बिचाऱ्यांनी, औषध घेणाऱ्या पोरासारखं. मी वास घेतला. पान, चुना, तंबाखू. बाकी काही नाही. तिथेच जाळ्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. रडतानाही राग येत होता. म्हटलं, “हेच करायचं होतं तर घरी सांगायला काय झालं होतं? महिनाभर माझा जीव टांगणीला लावलात!”

ते मान खाली घालून गाठ सोडवू लागले. मग हळूच म्हणाले, “कारण एकदा घेतली होती.”

ऑक्टोबरात लाँच आली आणि पुन्हा तामलाचं पत्र नव्हतं, तो दिवस. धक्क्यावरून घरी यायच्या ऐवजी हे झोपडीत गेले. किती प्याले ते मी विचारलं नाही, तू पण विचारू नकोस. बाहेर येऊन चिखलात बसले होते. घरी जायची हिंमत नाही. तिथे थॉथीला सापडले. विचार कर, कुणाला सापडले! तो म्हणू शकला असता, चला रे, बघा एकबुड्यांचा संत. पण त्याने यांना शेडमध्ये नेलं, तोंड धुवायला लावलं, उतरेपर्यंत बसवलं आणि म्हणाला, “उद्या दिवेलागणीला ये. तीच वेळ वाईट असते ना? ती इथे काढ.”

तेव्हापासून जातात.

मी थॉथीला विचारलं, “तुम्हाला काय मिळतं यातनं?” जरा तिरकसच विचारलं, सवय जात नाही.

तो हसला नाही. म्हणाला, “वहिनी, मी दुसऱ्यांदा बुडालो तेव्हा वाटलं होतं, आता माझा संताप वाहून गेला. ओल्या कपड्यांनी घरी आलो आणि त्याच दिवशी बायकोवर ताट भिरकावलं. चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. मंडळीचा पुढारी मी, कुणाला सांगू? हा इथे असला की मी माझ्या घरात ओरडत नाही. मी याला सांभाळतो असं समजू नका.”

या माणसाला मी चार वर्षं भाजीच्या टोपल्यांमागे टाळत होते.

परतताना होडीत मी यांना म्हटलं, “उद्या टोपली दुसऱ्याला देऊ. ताप आला म्हणून सांगते.” ते म्हणाले, “नको.” मग वल्हं मारता मारता म्हणाले, “तुझे बाबा आणि तुझा भाऊ, दोघांनी मला कोर्टात साक्षीदार म्हणून उभं केलंय. साक्षीदाराला पाणीसुद्धा मागायची सोय नाही गं.” मी म्हटलं, आता सुटलात ना पण? तर म्हणाले, “आज नाही घेतली. उद्याचं मला विचारू नकोस.”

रात्रभर तेच वाक्य माझ्या कानात.

नव्या भाताला सगळे जमले. टोपलीतून वाफ निघत होती, पोरं घुटमळत होती. हे टोपली धरून उभे. मी अशा जागी उभी राहिले होते की बाबा पडले तर मला धरता येईल. बाबांनी विचारलं, “कॉडो, तुझ्यात आणि कुणात काही अडलंय का?”

हे म्हणाले, “अडलंय.”

मागून एक म्हातारी चित्कारली, “अगं बाई! वाक्य विसरला वाटतं!” कुणीतरी हळूच पुढचं वाक्य सांगू लागलं. यांनी मान हलवली.

“विसरलो नाही. मी ऑक्टोबरात दारू प्यालो. थरा, तुमचं पाणी मला पुरलं नाही. लेर वाची सभाही पुरली नाही. दोन्ही खरं होतं, मी खोटं म्हणत नाही. पण मला रोज संध्याकाळी कुणीतरी शेजारी लागतं. तेव्हापासून थॉथी बसतोय. मी त्याच्याकडे चोरून जातो, कारण आपण त्याला सलाम करत नाही. आता हे अडलंय म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?”

लेर वा, काय सांगू तुला. मी बाबांच्या गुडघ्यांकडे बघत होते. ते वाकले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र असा झाला, आई गेली तेव्हा झाला होता तसा. त्यांनी टोपलीकडे बघितलं. मग म्हणाले, “थॉथीच्या लग्नात मीच आशीर्वाद दिला होता.” टोपलीवर हात ठेवला. मग एकदम ओरडले, “भात थंड होतोय! होडी काढा!”

“कुठे बाबा?”

“पलीकडे. दुसरीकडे कुठे अडलंय?”

कुणी म्हणालं, आधी पंचांची बैठक बोलवू. कुणी म्हणालं, पुढच्या रविवारी बघू. दोन-तीन घरं तर तिथूनच तोंड फिरवून गेली, अजून बोलत नाहीत. बाबा कुणाचं ऐकतात का? हे, मी, बाबा आणि टोपली डोक्यावर घेतलेली एपॉ, एका होडीत. मागे आणखी होड्या. पलीकडे दोनबुडे काठावर गोळा झाले, त्यांना वाटलं भांडायला आलो. थॉथी पुढे उभा.

ओहोटी होती. होडी काठापासून दूरच टेकली. यांनी हात पुढे केला. बाबांनी सवयीप्रमाणे झिडकारला, एक पाय बाहेर टाकला, गुडघ्याने दगा दिला आणि बाबा धप्पकन खाडीत! डोकंसुद्धा दिसेना. मी किंचाळले. हे उडी मारायच्या आत थॉथी पाण्यात होता. त्याने बाबांना काखेत धरून वर काढलं. पांढरे केस चिखलाने माखलेले, नाकातोंडातून पाणी. दोन्हीकडचे सगळे थिजलेले. आणि बाबा खोकत खोकत म्हणतात, “घ्या! आता मोजत बसा, कुणी कितीदा!”

आधी थॉथीला हसू फुटलं. मग बाबांना. मग तो म्हातारा त्याच्या गळ्यात पडून रडायला लागला आणि तो बाप्या पण. एपॉने टोपली खाली येऊ दिली नव्हती, भात कोरडा राहिला. थॉथीच्या अंगणातच बसलो. बांबूच्या कोंबांचं कालवण त्याच्या बायकोने केलं होतं, आमच्यापेक्षा बरं करते, मान्य करावं लागेल. जेवल्यावर कुणीतरी कापणीचं गाणं धरलं. चारही सूर, लेर वा. बाबा चटईत गुंडाळलेले, त्यांनी एक हात बाहेर काढला आणि खालच्या सुरांना खूण केली, आणि खालून आवाज आला.

इथे थांबावं असं मला वाटतं. पण तुला खरं सांगायचं ठरवलंय.

बाबांना तिसऱ्या दिवसापासून ताप आहे. छातीत घरघर आहे. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला वय आहे, बघू. अजून अन्न घेतात, पण थोडं. परवा मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “त्याला लिही. म्हणावं, मी दुसऱ्यांदा बुडालो. पण तुझ्या हातून नाही.” मी म्हटलं, बाबा, आता तरी टोमणा नको. तर डोळे मिटून म्हणाले, “टोमणा नाही गं. तो असता तर त्यानेच धरलं असतं, असं म्हणतोय.”

आणि तुझे दाजी. थॉथी वरच्या गावांना कापणीच्या टोळीबरोबर गेलाय, नाताळपर्यंत येणार नाही. जाताना यांना म्हणाला, वहिनीजवळ बस. बसतात. मी समोर बसते, गाठी मारते, मला येत नाहीत, जाळं गुंतून बसतं. पण लेर वा, मी त्यांची बायको आहे. मला बघितलं की त्यांना वीस वर्षं आठवतात. काल दिवा लावला आणि बघते तर ते दारात उभे, खाडीकडे तोंड करून. मी हाक मारली तर लगेच वळले नाहीत. वळले, पण लगेच नाही. मंडळीतल्या दोघांनी येऊन बसू म्हणून सांगितलं आणि आले नाहीत. लाजतात. अजून कुणाला जमत नाही, नुसतं बसणं.

मला भीती वाटते. त्या दिवशी सगळे रडले, गायले, मिठ्या मारल्या. चार वर्षांपूर्वीही रडले होतेच की. पूल अजून खांबांचाच आहे. फळ्या दोन्हीकडच्या लोकांच्या गोठ्यांना लागल्यात, त्या काढून कोण देणार? पहिली फळी कुणीतरी टाकायला हवी. मी आमच्या डुकरांच्या गोठ्याची काढून ठेवली आहे. डुक्कर मोकाट सुटलंय, सुटू दे.

तू ये. बाबांसाठी ये, पण माझं ऐकशील तर यांच्यासाठी ये. तुला सभा घ्यायची नाही. कुणाला बुडवायचं नाही, कुणाला उभं करून गोष्ट सांगायला लावायची नाही. प्रवचनाची पिशवी तिकडेच ठेव. जाळ्याच्या गाठी तुला येतात ना अजून? मीच शिकवल्या होत्या म्हणतोस, पण मला तर येत नाहीत, बाबांनीच शिकवल्या असणार. थॉथी येईपर्यंत समोर बस. तो आल्यावरही बस. काही बोलायला सुचलं नाही तर खालचा सूर धर.

लाँच दुपारी धक्क्याला लागते. आपल्याकडे दिवे त्यानंतर लागतात, तेवढ्यात घरी पोचतोस.

दारातून खाडीकडे एक डोळा आणि यांच्याकडे एक डोळा ठेवून बसलेली,
तुझी एकदाच बुडालेली ताई
पॉ सेर